न कळवता जायचं, पण कुणाच्या घरी?

"पूर्वी कुणीही कुणाच्याही घरी न कळवता जायचं. आता फोन केल्याशिवाय कुणी येत नाही." ही हळहळ सध्या खूप ऐकू येते. दोष मोबाईलला दिला जातो. माझा साधा प्रश्न आहे: हे 'कुणीही' म्हणजे नेमकं कोण?

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात माझी आजी पाटलांच्या वाड्यावर रोज जायची, तेही न कळवता. पण अंगणापर्यंतच. बाहेरून आवाज द्यायचा आणि थांबायचं. माझा शाळेतला मित्र आमच्या घरी येऊन जेवायचा. त्याच्या घरी मला चहा ओट्यावर मिळायचा, कान तुटलेल्या कपात. तो कप मीच विसळून ठेवायचो. दार दिवसभर उघडं असायचं, पण आमच्यासाठी नाही.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशात शिकून आलेला माणूस, पण राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर त्यांनी ओळखीच्या मित्राला विचारलं. तू घरात आलास तर माझे नोकर निघून जातील, असं उत्तर मिळालं. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या संस्कृतीचा हा खरा उंबरा. आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी घरात कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याचं कबूल केलं. त्यात एक प्रश्न स्वयंपाकघरात येऊ देण्याचा आणि भांडी वापरू देण्याचाही होता.

म्हणून गावगाड्याच्या त्या 'मोकळ्या दारां'साठी मी रडणार नाही.

पण मित्रांनो, आपल्याच वस्तीचं काय? नामांतराच्या दिवसांबद्दल वडीलधारी सांगतात, कार्यकर्ता पायी यायचा, जिथं रात्र होईल त्या घरी भाकरी खायचा आणि तिथंच झोपायचा. त्याला घराघरातलं माहीत असायचं. आज आपण ग्रुपवर 'जय भीम' टाकतो आणि संपर्क झाला असं समजतो. मंठा, परतूर, घनसावंगीकडची माणसं ऊसतोडीला गेली की मागे म्हातारे आणि पोरं उरतात. त्यांची संपलेली औषधं, बुडालेली शाळा मोबाईलवर दिसत नाही. ती दारात गेल्यावरच दिसते.

कुणी म्हणेल, न कळवता येणाऱ्या पाहुण्याचा चहा कोण करतं? बरोबर. तो भार आपल्या आया-बहिणींनीच वाहिला. वर पाहुण्यांसमोर बसायची मुभाही त्यांना नव्हती. तेव्हा फोन करून जा. चहा पुरुषांनी ठेवावा, बाईनं चर्चेत बसावं. फोन करणं हा दोष नाही, न जाणं हा दोष आहे.

आणखी एक. केवळ आपल्याच वस्तीत फिरून बंधुता येणार नाही. मातंग, भटक्या-विमुक्त, मुस्लिम मित्रांच्या घरी आपण किती वेळा गेलो? त्यांना आपल्या स्वयंपाकघरापर्यंत नेलं का? संविधानातली बंधुता भाषणात सोपी असते, तिची परीक्षा उंबऱ्यावर होते.

या वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचाल, तेव्हा रोज एका नव्या घरी वाचा. फोटो नाही काढला तरी चालेल.

जय भीम!