महाविद्यालयाचे नाव आणि धानाची बांधी

बारावीचा निकाल लागून प्रवेश परीक्षांचे गुण हाती आले की लाखांदूरपासून तुमसरपर्यंत कितीतरी घरांत एकच खल सुरू होतो: मुलाला नागपूर-पुण्याच्या नावाजलेल्या संस्थेत धाडावे आणि त्यासाठी प्रसंगी धानाची एखादी बांधी विकावी किंवा गहाण टाकावी, की भंडाऱ्यातच ठेवून जमीन शाबूत राखावी? ज्यांची सारी मिळकत खरिपाच्या एका पिकावर अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शिक्षणाचा उरत नाही. सातबाऱ्यावरून एकदा उतरलेले नाव पुन्हा चढविणे पुढच्या पिढीलाही सहसा साधत नाही. म्हणून हा निर्णय घेण्यापूर्वी, आपण ज्या नावासाठी एवढी किंमत मोजावयास निघालो आहोत ते नाव वस्तुतः कोणाचे, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

काही संस्थांची प्रतिष्ठा त्यांनी स्वतः मिळविलेली असते. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण या खाणमालकाच्या देणगीतून 1942 साली नागपुरात उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, किंवा 1960 साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आजची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, यांचा लौकिक अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी घडविला आहे. याउलट 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर ज्या शेकडो संस्था निघाल्या, त्यांपैकी काहींनी निष्ठेने विद्यादान केले असले तरी पुष्कळांचे नाव म्हणजे ज्या शहरात त्या वसल्या त्या शहराचे नाव होय. प्रवेशद्वाराची कमान भव्य, माहितीपुस्तक गुळगुळीत, आणि प्रयोगशाळेत एका यंत्राभोवती वीस मुले उभी, अशा ठिकाणासाठी बांधी विकणे हा माझ्या मते कुटुंबावरचा उघड अन्याय आहे.

परंतु खर्चाच्या भयाने खऱ्या गुणवत्तेकडे पाठ फिरविणे हाही तितकाच मोठा अन्याय होय, आणि आपल्या जिल्ह्यात तो अधिक निमूटपणे घडतो. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क पूर्ण माफ असते. कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास इतरांनाही पूर्ण माफी, आणि पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी मिळते. छापील शुल्काचा आकडा पाहूनच ज्या बापाने अर्ज भरू दिला नाही, त्याला तहसील कचेरीतील उत्पन्नाच्या एका दाखल्याचे मोल कोणी समजावून सांगितलेले नसते.

मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब मुळातच वाकडा मांडला जातो. मुलासाठी कर्ज काढावयाचे आणि मुलीला मात्र 'इथेच काय वाईट आहे' म्हणून जवळच्या महाविद्यालयात घालावयाचे, ही रीत सुशिक्षित घरांतूनही पाहावयास मिळते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेने मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. खोलीभाडे आणि खानावळ यांचा भार अर्थातच उरतो, आणि तो लहान नाही. पण शुल्काची सबब आता पुढे करता येत नाही.

राहिला प्रश्न जिल्ह्यातील महाविद्यालयांचा. गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग असताना, 1958 साली, मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. त्याच संस्थेचे जे. एम. पटेल महाविद्यालय आज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. येथे शिकलेल्याला मिळते ती नागपूर विद्यापीठाचीच पदवी. ज्याला पुढे स्पर्धा परीक्षा द्यावयाच्या आहेत किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जावयाचे आहे, त्याने पहिली तीन वर्षे घरी राहून काढली आणि वाचलेला पैसा पुढच्या टप्प्यासाठी राखला, तर त्यात काडीचाही कमीपणा मानू नये. अट एकच: वर्गात शिकविणारा माणूस असला पाहिजे. अनुदानित महाविद्यालयांतून प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या मानधनावर अध्यापन रेटून नेण्याचा जो परिपाठ राज्यभर पडला आहे, त्यामुळेच गावाजवळचे महाविद्यालय पालकांच्या नजरेतून उतरले. ज्याला नाइलाजाने शहराची वाट धरावी लागते, त्याला प्रतिष्ठेचा लोभी म्हणणे मला पटत नाही.

तेव्हा प्रवेशाच्या दिवसांत पालकांनी कमान पाहण्याऐवजी कार्यालयात जाऊन विचारावे, की मुलाच्या विषयाचे कायम प्राध्यापक किती, प्रात्यक्षिके आठवड्यातून किती वेळा होतात, आणि गेल्या तुकडीतील मुले आज कोठे आहेत. आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी नव्या इमारतींच्या कोनशिला बसविण्यापूर्वी रिक्त पदांची यादी मागवून ती विधिमंडळाच्या येत्या नागपूर अधिवेशनात मांडावी.