तेजी-मंदीची शाळा

समभागांवरील ऑप्शनचे व्यवहार ‘आरंभापासून प्रावीण्यापर्यंत’ शिकवू म्हणणाऱ्या वर्गांच्या जाहिराती आता आमच्या गावोगावच्या तरुणांच्या हाती पोहोचल्या आहेत. व्यवहार मात्र नवा नव्हे. १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याने ज्या सौद्यांचा ‘तेजी’, ‘मंदी’, ‘गल्ली’ अशा बाजारी नावांनीच उल्लेख करून त्यांना निषिद्ध ठरविले, तेच हे सौदे. बंदीचे ते कलम १९९५ साली रद्द झाले आणि जुलै २००१ पासून निवडक समभागांवरील ऑप्शन राजरोस सुरू झाले. कायद्यास जे संमत आहे ते शिकू नये, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो शिकविले काय जाते याचा.

साधा हिशेब घ्यावा. समभागाचा भाव ५०० रुपये. मुदतीस तो ५२० रुपयांना घेण्याचा हक्क समभागामागे १० रुपये मोजून घेतला. सौदा हजार समभागांचा, म्हणजे १०,००० रुपये गेले. मुदतीस भाव ५१५ झाला तर तेजीचा अंदाज खरा ठरूनही सारी रक्कम बुडते. ५३० ओलांडल्याविना नफा नाहीच. इतके बहुधा पहिल्याच दिवशी शिकवीत असतील. परंतु भाव ५२५ वर थांबला आणि सौदा मिटवायचा राहून गेला तर? ऑक्टोबर २०१९ पासून समभागांच्या अशा साऱ्या सौद्यांची पूर्तता प्रत्यक्ष समभागांच्या देवघेवीनेच होते. तेव्हा दहा हजार घालणाऱ्याला ५,२०,००० रुपये उभे करावे लागतात. हक्क विकणाऱ्याची गत तर याहून बिकट! त्याची मिळकत दहा हजारांपुरती, तोट्याला मात्र सीमा नाही.

‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसा गमावला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. यांतील बहुसंख्यांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आतले. आणि लागोपाठ तोटा सोसूनही पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा त्याच बाजारात उतरले. ‘प्रगत’ अभ्यासक्रमाला गिऱ्हाईक कोठून मिळते, याचे उत्तर येथेच आहे. मांडवीतील तरंगत्या कॅसिनोंवरून गोव्यात तावातावाने वाद होतात. खिशातल्या दूरध्वनीवर चाललेल्या या खेळाविषयी मात्र घरात चकार शब्द निघत नाही.

केवळ शिक्षण देणाऱ्यांनी लगतच्या तीन महिन्यांतील भाव वापरू नयेत, असे ‘सेबी’ने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. पाठाच्या आडून सल्ला विकला जाऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. आमच्या मते आणखी एक दंडक हवा. शुल्क घेण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या स्वतःच्या सौद्यांचा, दलाली व कर वजा जाता, गेल्या तीन वर्षांचा सनदी लेखापालाने तपासलेला हिशेब विद्यार्थ्यापुढे ठेवावा.