‘सहाशे पंचवीस’ची गोळी

पावसाळा आला की घरोघरी ताप, खोकला, घसादुखी सुरू होते. मग मेडिकलमध्ये जाऊन ‘सहाशे पंचवीसच्या चार गोळ्या द्या’ असे सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. ही गोळी म्हणजे काय, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असते. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले. जीवाणू स्वतःभोवती भिंत बांधतो. हे औषध ती बांधू देत नाही. पण काही जीवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, तयार करतात. ते औषधाच्या रेणूतील चार अणूंचे कडे तोडते आणि औषध निकामी होते.

येथे क्लॅव्हुलॅनिक ॲसिड कामी येते. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या संशोधकांना ते मातीतील एका जीवाणूपासून मिळाले. जीवाणू मारण्याची ताकद त्यात फारशी नाही. पण ते दिसते पेनिसिलिनसारखे. विकर त्यालाच तोडायला जाते आणि तेथेच अडकून पडते. तोवर अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते.

पण जीवाणूही स्वस्थ बसत नाहीत. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णात आढळलेले एनडीएम-१ हे विकर क्लॅव्हुलॅनिक ॲसिडला दाद देत नाही. तो रुग्ण आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता; म्हणून विकराच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आले. छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्ट संशोधन केंद्रात झिडेबॅक्टमसारखे नवे जोडीदार शोधले गेले आहेत. मात्र असे एक औषध तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात.

म्हणून हाताशी आहे ते जपून वापरणे आले. सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तेथे या गोळीचा काही उपयोग नाही. उलट पोटातील जीवाणूंना प्रतिकाराची सवय लागते. डॉक्टरांकडे जायचे तर फी पडते, कामाचा दिवस मोडतो, हे खरे. पण उद्या खऱ्या न्यूमोनियात गोळी चालली नाही, तर त्याची किंमत कितीतरी मोठी असेल.

विद्यार्थ्यांनी घरातील गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघ मोठ्यांना दाखवावी; ती असेल तर चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये. पालकांनी उरलेल्या गोळ्या दुसऱ्या मुलाला देऊ नयेत. विश्वस्तांनी पुढील पालक सभेत या विषयावर एखाद्या डॉक्टरांना बोलवावे, ही विनंती.