मीटर टाका

‘ॲप आलं आणि टॅक्सीवाल्यांची मस्ती उतरली.’ मुंबईहून परतलेली प्रत्येक जण आमच्या महिला मंडळात हे वाक्य म्हणते आणि बाकीच्या माना डोलवतात. मी डोलवत नाही. त्यामुळे ‘हिला कुणाचंच काही पटत नाही’ असा शिक्का माझ्यावर बसलाय. बसू दे. मस्ती उतरली हे मान्य केलं, तरी ती उतरवणाऱ्याच्या हातात आपण काय देऊन बसलोय, हे कुणी बघायलाच तयार नाही.

बेळगाव-शहापूरकडच्या आम्हां बायकांचं मुंबईशी नातं घरोब्याचं. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाचा भाऊ नोकरीला, कुणाचं परळला औषधपाणी चाललेलं. रात्रीच्या बसमध्ये बसायचं आणि पहाटे सायनला नाहीतर दादरला उतरायचं. हातात दोन पिशव्या, कुंद्याचा डबा, डोळ्यांत झोप. अशा वेळी बाईला पुढच्या गाडीची गरज किती असते, हे समोरच्या माणसाला तिच्याकडे बघूनच कळतं. टॅक्सीवाल्याला ते कळायचं, आता फोनमधल्या यंत्रालाही कळतं. माझं सगळं भांडण इथनंच सुरू होतं.

आधी काळ्या-पिवळ्यांचं बोलू, म्हणजे मी त्यांची वकील आहे असं कुणाला वाटायला नको. ‘उधर नहीं जाएगा’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा माझं नावसुद्धा कुणी घेतलं नसेल. प्रवासी नाकारणं हा 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पण पहाटे साडेपाचला कायदा कुणाला वाचून दाखवणार? मीटर फास्ट केलेला, सुटे नाहीत, लांबच्या रस्त्यानं नेणं, आरशातनं बघत राहणं, सगळं झालंय. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत केवढे गहिवर आले होते! मी शोधत होते, ती लिहिणारी बहुतेक पुरुषमंडळीच. त्या पद्मिनीचं दार आतनं उघडत नसलं की नऊवारीतल्या बाईचे काय हाल व्हायचे, हे एकानंही लिहिलं नाही.

तेव्हा ॲप आलं आणि बायकांनी ते उचललं यात नवल काहीच नाही. रस्त्यावर उभं राहून चार माणसांसमोर घासाघीस करायची नाही. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर फोनवर येतो, लेकीला प्रवास दिसत राहतो. हे सुख खरं आहे, आणि ते कुणी काढून घ्यायला लागलं तर मी पहिली भांडेन.

पण भाड्याचं काय?

टॅक्सीचा मीटर हे कायद्यानंसुद्धा एक माप आहे. तराजू जसा तपासून घ्यायचा, तसा मीटर तपासून त्याला सील लावायचं. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 31 रुपये, पुढं किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा. हे सरकारी प्राधिकरणानं ठरवलेलं, छापलेलं, मंत्र्याच्या बायकोला आणि माझ्या आत्याला सारखंच. ड्रायव्हरनं लबाडी केली तर ती लबाडी आहे हे दाखवायला हातात काहीतरी असतं.

ॲपच्या गाड्या मुंबईत पर्यटक परवान्यावर धावत आल्या. त्यांना मीटर नाही. फोनवर दिसतो तो आकडा, माप नव्हे. गेल्या पावसाळ्यात दादरला उतरलो. मी माझ्या फोनवर मुलुंडचं भाडं बघितलं, 612. शेजारी उभ्या भाचीनं तिच्या फोनवर तेच ॲप उघडलं, तीच जागा, तोच पत्ता, 548. दोन मिनिटांनी माझा 640 झाला. अंतर काही वाढलं नव्हतं. पाऊस वाढला होता.

हे आपल्याच नशिबी आलं असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटिसा धाडल्या, फोन कोणता आहे ते बघून भाडं वेगळं लावता काय, म्हणून. दोन्ही कंपन्यांनी ते नाकारलं. मे महिन्यात पुन्हा उबरला नोटीस, गाडी लवकर हवी असेल तर आधीच टिप कबूल करा, असं ॲप सुचवतं म्हणून. हे खातं आपल्या शेजारच्या धारवाडच्या खासदारांकडे, प्रल्हाद जोशींकडे आहे. त्यांनीही जाहीरपणे नाराजी दाखवली. काम व्हायच्या आधीच खुशाली मागायची! मला टॅक्सीवाल्यांच्या ‘मीटरपे बीस ऊपर’ची आठवण झाली. फरक इतकाच की त्याच्याशी भांडता यायचं.

पाठशाळेत आपण सगळ्यांनीच अचौर्य अणुव्रताचे अतिचार घोकलेत. त्यात ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे. घेताना मोठं माप, देताना लहान. आजवर आपण तो शब्द धान्याच्या आणि सोन्याच्या दुकानापुरताच ठेवला. माणसाच्या निकडीप्रमाणे लांबणारा-आखडणारा गज कुणी वापरला, तर त्याला काय म्हणायचं? ‘तंत्रज्ञान’?

इथं घरातले पुरुष, त्यातून दुकानदार, लगेच बोलतात. ‘अगं, मागणी-पुरवठा आहे तो. आम्ही नाही का सणासुदीला भाव वाढवत?’ वाढवता की. पण रविवार पेठेत तुमच्या दुकानाला लागून दुसरं दुकान असतं. भाव चारचौघांत बोलला जातो. पावसात भिजलेली, पोर कडेवर घेतलेली बाई दाराशी बघून तुम्ही तांदळाचा भाव चढवलात, तर संध्याकाळपर्यंत पेठभर बोभाटा होईल आणि देवळात मान वर करून उभं राहता येणार नाही. ॲपमध्ये शेजारणीला काय भाव लागला हेच कळत नाही, मग बोभाटा कशाचा करायचा? दर ठरवायचं काम सरकारनं आपल्या हातात घेतलं ते यासाठीच. रस्त्यावर अडकलेला माणूस मोकळ्या मनानं सौदा करू शकत नाही, हे जुन्या लोकांना कळत होतं. आता केंद्राच्या जुलै 2025 च्या नियमांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुप्पट घ्यायची मुभा आहे. 2020 च्या नियमांत दीडपट होती. अडचण तीच, फक्त तिची किंमत वाढली.

‘पण सुरक्षित तरी आहे ना?’ हा शेवटचा हुकमी एक्का. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत उबरच्याच गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला. त्या ड्रायव्हरवर आधीचे गुन्हे होते, तरी तो गाडी चालवत होता. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. त्यानंतर ॲपवाले जागे झाले, बटणं आली, तपासण्या आल्या. म्हणजे सुरक्षितता ॲपच्या पोटातनं जन्माला आली नाही, एका मुलीनं तक्रार लावून धरली, आरडाओरडा झाला, तेव्हा आली. 2019 पासून नव्या प्रवासी गाड्यांना जागा दाखवणारं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं, ते टॅक्सीलाही. ते चालू आहे की शोभेचं, हे बसताना विचारायची सवय आपल्याला नाही.

आणि नकार गेला म्हणता? तो कुठं गेला नाही. गाडी ठरते, मग फोन येतो, ‘कहाँ जाना है? कॅश या ऑनलाइन?’ ऑनलाइन म्हटलं की गाडी नकाशावर जागची हलत नाही. आपण कंटाळून रद्द करायची आणि रद्द केल्याचा दंडही आपणच भरायचा. पूर्वी नकार फुकट मिळायचा.

ड्रायव्हरवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका मात्र. त्याच्या गाडीचा हप्ता, पेट्रोल नाहीतर सीएनजी, कंपनीचा वाटा, आणि आपण मोजलेल्या 640 मधले त्याला किती मिळणार हे त्यालाही सांगता येत नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईत ॲपच्या ड्रायव्हरांनी गाड्या बंद ठेवल्या, आझाद मैदानात बसले. मागणी काय होती? आम्हाला काळ्या-पिवळीइतकं भाडं द्या. ज्या मीटरला आपण मागास ठरवलं, तोच मीटर ॲपचे ड्रायव्हर मागत होते! आमच्या मंडळात ही बातमी मी वाचून दाखवली, तेव्हा दोघी-तिघी पहिल्यांदा गप्प बसल्या.

आणखी एक राहिलं. माझ्या आत्याकडे बटणांचा फोन आहे. वय 78, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. ती अजून हात वर करते. टॅक्सी स्टँड उठत गेले, तर तिनं हात कुणाला दाखवायचा? ‘नातवाला सांगायचं बुक करायला.’ म्हणजे जन्मभर हिंडण्यासाठी ज्यांची परवानगी मागितली, त्यांनाच म्हातारपणी पुन्हा विचारायचं. माणसाचा हात बघून थांबणारी गाडी शहरात असलीच पाहिजे, आणि तिनं नाकारलं तर नंबर टिपून परिवहन खात्याकडे तक्रार गेलीच पाहिजे. ॲपची गाडीही असू दे, पण तिला तोच मीटर, तेच भाडेपत्रक, आणि बिलावर किलोमीटरचा दर स्वच्छ लिहिलेला.

मुंबईला शहाणपण शिकवायच्या आधी आपल्या गावाचं बघू. आपल्या बेळगावच्या रिक्षांना मीटर आहेत, पण ते पडलेले कुणी बघितलेत? स्टेशनवरनं शहापूरला यायचं म्हटलं की तोंडाला येईल तो आकडा, आणि रात्र असली की त्याच्या वर. आपण पिशवी आवळून बसतो, ‘जाऊ दे, कशाला वाद’ म्हणतो. आणि मुंबईला गेल्यावर ॲपचं कौतुक करतो.

पुढच्या महिन्याच्या सभेत मी हा विषय ठेवलाय. परिवहन अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं, खाली सह्या. कन्नडमधून लिहून द्यायला माझी सून तयार आहे. मराठीतला मसुदा मी केलाय, त्याची पहिली ओळ शीर्षकात आहेच. ज्यांना सही करायची आहे त्यांनी येताना रिक्षानं यावं, आणि बसल्याबसल्या ती ओळ ड्रायव्हरला म्हणून बघावी.