बृहन्नडा आणि आपण

विराटपर्वातील बृहन्नडेची कथा आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. अज्ञातवासाच्या वर्षी अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेस नृत्यगायन शिकवीत राहिला आणि पुढे राजपुत्र उत्तराचा सारथी होऊन त्याने कौरवसेनेची दाणादाण उडविली, हे सांगू लागताच वर्ग रंगून जातो. मात्र त्यापुढील एक प्रसंग घाईने उरकण्याचा आपला प्रघात आहे. पुत्राच्या विजयाची वार्ता ऐकून हर्षित झालेला विराट फासे खेळावयास बसला. कंकाच्या वेषातील युधिष्ठिर विजयाचे श्रेय पुनःपुन्हा बृहन्नडेस देऊ लागला. राजास ते सोसले नाही. एका नपुंसकाची थोरवी आपल्या पुत्रापुढे गावी, या संतापाने त्याने हातातील फासा युधिष्ठिराच्या तोंडावर मारला व रक्त काढले.

विराटाच्या मूढपणास आपण हसतो. कारण बृहन्नडा कोण, हे आपणांस आधीच कळलेले असते. पण वाचकहो, ती खरोखरच केवळ बृहन्नडा असती तर? आपला आदर वेषाखाली दडलेल्या अर्जुनास आहे, बृहन्नडेस नाही. म्हणजे विराटाच्या पंक्तीस आपणही बसलो आहोत!

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या गाडीत कोणी तृतीयपंथी टाळी वाजवीत आला, की कोणी खिडकीबाहेर पाहू लागतो, कोणी आपल्या मुलास जवळ ओढतो. प्रस्तुत लेखकही याच मंडळींतला. त्याच्या शाळेत एक गोड गळ्याचा, नाजूक चालीचा मुलगा होता. आम्ही त्यास ‘बायल्या’ म्हणत असू. गुरुजीही कधीकधी हसत. सातवीच्या परीक्षेस तो बसला नाही. तो कोठे गेला, याची चौकशी आमच्यापैकी एकानेही केली नाही. ज्यास शाळेतून हसून घालविले, त्यासच पुढे ‘काम का करीत नाहीस?’ म्हणून विचारावयाचे, हा न्याय अजब खरा.

कित्येकदा कायद्याचे पुस्तकही समाजाचे मन उघडे करते. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा एक स्वतंत्र भाग याच लोकांविषयी होता. उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत त्याचा अंमल झाला. संशयितांची नावे नोंदवहीत चढत. नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेषात चारचौघांत दिसली किंवा मोल घेऊन नाचली-गायली, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा घरी ठेवणे हाही गुन्हा होता. बृहन्नडेची नोकरी तरी दुसरी काय होती?

लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे मराठी आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. ठाण्यात वाढलेल्या, भरतनाट्यम शिकलेल्या लक्ष्मी यांनी बालपणीचे अत्याचार व चेष्टा त्यात सांगितली आहे. येथे शेवटी वेष टाकून कोणी अर्जुन प्रकट होत नाही. जी व्यक्ती पहिल्या पानावर भेटते, तीच अखेरपर्यंत सोबत असते. तिलाच मान द्यावयाचा की नाही, एवढेच वाचकाच्या हाती उरते. म्हणून विराटपर्वाहून हे पुस्तक वाचणे अवघड, असे आमचे मत आहे.

असली पुस्तके मुलांच्या हाती देऊ नयेत, असे काही पालक म्हणतील. त्यांतील काही पाने कोवळ्या वयास झेपणारी नाहीत, हे कबूल. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवारास सरपंचपदी निवडून दिले. माळशिरस तालुक्यातील खेड्याने मतपेटीत जे करून दाखविले, ते आमच्या सुशिक्षित घरांत बोलावयासही जड का जावे?

आमच्या ग्रंथालयाने हे पुस्तक वरच्या वर्गांसाठी घ्यावे. पालकांनी ते आधी स्वतः वाचावे, आणि सातवीत बाकाच्या टोकाशी एकटा कोण बसतो, हे एकदा आपल्या पाल्यास विचारावे.