तोट्याची मर्यादा सौद्याआधीच ठरते

१५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एक निवेदन प्रसिद्ध केले आणि जगाच्या चलनबाजारात हाहाकार उडाला. युरोचा दर १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यावयाचा नाही, हे सप्टेंबर २०११ पासून कसोशीने पाळलेले धोरण बँकेने त्या दिवशी पूर्वसूचनेविना सोडून दिले. काही मिनिटांतच फ्रँक युरोच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वधारला. बँकेच्या शब्दावर विसंबून युरो खरेदी केलेल्या असंख्य लहान गुंतवणूकदारांची अनामत तर बुडालीच. शिवाय अनेकांच्या नावावर उलट कर्ज उभे राहिले. एफएक्ससीएम या बड्या दलाली पेढीला ग्राहकांकडून सुमारे २२ कोटी ५० लाख डॉलर येणे निघाले, तर अल्पारीच्या ब्रिटनमधील शाखेचे दिवाळे वाजले.

यांतील पुष्कळ ग्राहक बेसावध होते असे नव्हे. दर अमुक पातळीखाली गेल्यास सौदा आपोआप बंद करावा, अशी 'स्टॉप-लॉस'ची आज्ञा अनेकांनी देऊन ठेवली होती. परंतु ही आज्ञा म्हणजे भिंत नव्हे. ती केवळ 'पुढे मिळेल त्या दराने सौदा मोडा' अशी सूचना असते. मधल्या दरांना घेणाराच नसेल, तर सौदा कोठे मोडला जाईल हे बाजार ठरवतो, ग्राहक नव्हे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून एकदम ७.५० रुपयांवर गेला. मधला एकही दर कोणाच्या वाट्यास आला नाही. सरकारे आणि मध्यवर्ती बँका यांच्या निर्णयांवर चालणाऱ्या बाजारात अशा उड्या अटळच असतात.

म्हणून तोट्याची खरी मर्यादा सौदा मोडण्याच्या आज्ञेत नसून सौद्याच्या आकारात असते. चलनाच्या व्यवहारात ग्राहक थोडी अनामत भरून तिच्या कित्येक पटींचा सौदा करतो. सौदा अनामतीच्या ३० पट असेल, तर दर सव्वातीन-साडेतीन टक्के विरुद्ध जाताच अनामत संपते. १०० पट असेल, तर एक टक्काही पुरतो. युरोपच्या रोखे व बाजार प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशा व्यवहारांची पाहणी केली, तेव्हा ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचे आढळले. त्यानंतर प्रमुख चलनांच्या सौद्यांना ३० पटींची मर्यादा घालण्यात आली आणि ग्राहकाचा तोटा त्याने भरलेल्या रकमेपलीकडे जाऊ नये, असेही बंधन दलालांवर आले.

या विषयातील जाणकार एक साधा नियम सांगतात: कोणत्याही एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक रक्कम पणास लावू नये. भांडवल १ लाख रुपये असेल, तर एका सौद्यातील तोटा २ हजारांपुरता ठेवावयाचा. आणि डॉलरमागे ५० पैशांपर्यंत नुकसान सोसण्याची तयारी असेल, तर सौदा ४ हजार डॉलरहून मोठा करावयाचा नाही. या नियमाचे मोल वाईट दिवसांत कळते. लागोपाठ दहा सौदे फसले, तरी दर वेळी दोन टक्के गमावणाऱ्यापाशी सुमारे ८१ हजार ७०० रुपये उरतात. दर वेळी वीस टक्के पणास लावणाऱ्यापाशी जेमतेम पावणेअकरा हजार उरतात आणि मूळ जागी परतण्यास त्या रकमेचे नऊपटींहून अधिक व्हावे लागते. तोटा आणि भरपाई यांचे गणित असे विषम आहे.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिस्तीमुळे तोटा मर्यादित राहतो. नफा निर्माण होत नाही. चलनाच्या सौद्यात एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते आणि खरेदी-विक्रीच्या दरांतील तफावत दोघांच्याही खिशातून जाते. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार काही आठवड्यांनी मिळावयाच्या युरोंचा दर बँकेशी आजच ठरवून घेतो, तेव्हा तो असलेला धोका कमी करतो. ज्याला परकी चलन घ्यावयाचेही नाही आणि द्यावयाचेही नाही, असा पगारदार मात्र तोच सौदा करून नसलेला धोका विकत घेतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये शेअर बाजारांतील रुपयाच्या वायदे व्यवहारांसाठी प्रत्यक्ष परकी चलनाच्या देण्याघेण्याचा आधार असला पाहिजे, हे स्पष्ट केले, त्यामागील तर्क हाच आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. घरबसल्या कमाईचे आमिष दाखवणाऱ्या अनेक परदेशी मंचांना भारतात परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची सूचीच प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. सूचीत नाव नाही म्हणून मंच अधिकृत ठरतो असेही नाही. तेथे व्यवहार करणारा विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याखाली कारवाईस पात्र ठरतो आणि पैसे बुडाल्यास दाद मागण्यास त्याला भक्कम आधार राहत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण मराठी घरांत जुनीच आहे. चलनाच्या बाजारात अंथरूण कोणाचे, हाही प्रश्न विचारावा लागतो. कारण पसरलेले पाय बहुधा उसन्या अंथरुणावर असतात. भविष्यनिर्वाह निधीची उचल, शिक्षणासाठी काढलेले कर्ज किंवा आई-वडिलांची ठेव यांवर उभारलेला सौदा कितीही हिशेबाने केला, तरी त्यातील तोट्याची मर्यादा घराच्या उंबऱ्याआधीच ओलांडलेली असते. टक्केवारीचे नियम त्यानंतरचे होत. त्याआधीचा नियम एवढाच की, जी रक्कम गमावली असता कुटुंबाच्या एकाही गरजेला कात्री लागेल, ती या बाजारात पाऊल ठेवण्याच्या लायकीची नव्हे.