बाटलीबंद रसिकता

मद्याविषयीं या पृष्ठांत लिहावें कीं लिहूं नये, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनांत येईल, आणि तो येणें स्वाभाविक आहे. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून मराठी मध्यमवर्गीय घरांत पेल्याची गोष्ट निघाली कीं सिंधूची आठवण होते. ती होते तें योग्यच आहे. जो पीत नाहीं त्यानें हा लेख वाचून पिऊं लागावें, अशी माझी मुळींच इच्छा नाहीं. परंतु माझा वाद सुधाकराशीं नाहीं. सुधाकर व्यसनी होता, दांभिक नव्हता. माझा वाद आहे तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या सुशिक्षित वर्गांत उदयास आलेल्या एका नव्या गृहस्थाशीं. हा गृहस्थ स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की विकत घेतो, तिच्याविषयीं तासन्‌तास बोलतो, तिचा भाव नित्य पाहतो, आणि ती पीत नाहीं.

अशा एका परिचितांच्या घरीं अलीकडे जाण्याचा योग आला. दिवाणखान्यांत पूर्वीं जेथें ग्रंथांचें कपाट असे तेथें आतां कांचेचें, आंतून दिवे लावलेलें कपाट होतें, व त्यांत पन्नासएक बाटल्या देवघरांतल्या मूर्तींप्रमाणें मांडलेल्या होत्या. "यांतली आपल्याला कोणती आवडते?" असें मीं विचारलें. "सर, ही पाहा," ते म्हणाले, "घेतली त्याच्या तिप्पट भाव आला आहे." मीं आवड विचारली होती. त्यांनीं उत्तर दिलें तें भावाचें, आणि आपण प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं याची जाणीवहि त्यांच्या मुद्रेवर दिसली नाहीं. ते गृहस्थ सज्जन आहेत. म्हणूनच या प्रकाराची चिंता वाटते.

प्रथम ही वस्तु आहे तरी काय हें पाहूं. सातूला मोड आणावयाचे, ते सुकवावयाचे, भरडून ऊन पाण्यांत कालवून त्यांतली साखर उतरवून घ्यावयाची, त्या गोड पाण्याला यीस्टनें आंबवावयाचें, आणि तें आंबवण तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोन वेळां गाळावयाचें. जें हातीं येतें तें पाण्यासारखें स्वच्छ व जिभेला जाळणारें असतें. तें ओकच्या पिंपांत निजवावयाचें. २००९ सालच्या ब्रिटिश नियमांप्रमाणें हें पिंप सातशें लिटरहून मोठें असतां कामा नये, त्यांतलें मद्य स्कॉटलंडांतच किमान तीन वर्षें मुरलें पाहिजे, बाटलींत भरतांना त्यांत मद्यार्क शेंकडा चाळीसाहून कमी असूं नये, आणि पाणी व रंगापुरती जाळलेली साखर यांवांचून त्यांत कांहींहि मिसळूं नये. हें सर्व एकाच भट्टीचें, व केवळ मोड आलेल्या सातूचेंच असेल तर तें सिंगल माल्ट. इतक्या थोड्या सामग्रींतून इतकी विविधता निर्माण होते, हेंच या पेयाचें खरें आश्चर्य होय. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नांवाचें बेट आहे (मराठी वाचकानें हंसूं नये, उच्चार तसाच आहे). तेथें मोड आलेले सातू पीटच्या धुरावर सुकविण्याची रीति आहे. पीट म्हणजे दलदलींत शतकानुशतकें कुजून दबलेल्या वनस्पतींची माती. ती वाळवून जळणाप्रमाणें वापरतात. त्या धुराचा गंध भट्टींतून, पिंपांतून, दहा-सोळा वर्षांनंतरहि पेल्यापर्यंत येऊन पोंचतो. लफ्रॉइग किंवा आर्डबेग प्रथमच घेणाऱ्याला दवाखान्यांतल्या टिंक्चरची आठवण होते, आणि क्वचित् त्याचा चेहराहि रुग्णासारखा होतो. त्याच देशांत स्पे नदीच्या खोऱ्यांतील ग्लेनलिव्हेटसारखी व्हिस्की पिकल्या फळांची व मधाची आठवण देते. कॅम्बलटाउन येथील स्प्रिंगबँक आपले सातू आजहि स्वतःच्याच जमिनीवर पसरून, फावड्यांनीं परतून मोडवते. पिंपाची गोष्ट तर याहून मौजेची. अमेरिकन कायद्याप्रमाणें बर्बन व्हिस्कीस नवीं, आंतून जाळलेलीं पिंपें लागतात. एकदां वापरलेलें पिंप तिच्या पुन्हां कामास येत नाहीं. म्हणून तीं पिंपें स्कॉटलंडांत येतात, आणि अमेरिकेच्या कायद्यांतील एका कलमामुळें स्कॉटिश पेयाला व्हॅनिलाचा मंद गोडवा येतो.

आतां हें सारें ज्ञान त्या कपाटाच्या मालकाला नसतें काय? असतें, कित्येकदां माझ्याहून अधिक असतें. परंतु तें सारें पाठांतर आहे. ज्यानें कधीं गाणें ऐकलें नाहीं अशा मनुष्यानें रागांचे आरोह-अवरोह बिनचूक म्हणून दाखवावे, तसें तें आहे.

या पाठांतराचा सर्वांत मोठा बळी म्हणजे वर्षांचा आंकडा. अठरा वर्षांची बारांपेक्षां थोर, पंचवीस वर्षांची अठरांपेक्षां थोर, असा हा हिशेब. वस्तुतः बाटलीवरील आंकडा हा तींत मिसळलेल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचें वय सांगतो, गुण सांगत नाहीं. पिंपांतील लाकूड प्रथम मद्याला सौम्य करतें, रंग व सुगंध देतें. पण फार काळ लोटला कीं तेंच लाकूड मद्यावर स्वार होतें. चहा अधिक उकळल्यानें अधिक चांगला होत नाहीं, हें आमच्या घरोघर ठाऊक आहे. शिवाय पिंपांतून दरवर्षीं सुमारें शेंकडा दोन इतका भाग उडून जातो. स्कॉटिश लोक त्याला देवदूतांचा वांटा म्हणतात. बंगळूरच्या हवेंत हेच देवदूत अधिक तहानलेले असतात, आणि तेथें हा वांटा शेंकडा दहाच्याहि वर जातो. बंगळूरच्या अमृत भट्टीनें २००४ सालीं आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगोंत नेऊन विकली, गोव्यांतील पॉल जॉन २०१२ पासून बाजारांत आहे. या दोन्हींना स्कॉटलंडचा वर्षांचा गज लावला तर त्या पोरवयाच्या ठरतील, आणि जाणत्यांनीं तर त्यांना नांवाजलें आहे. केवळ जुनेपणावरून काव्याची परीक्षा करणारांना कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंतच समज दिली होती. ती आमच्या पदवीधरांनीं परीक्षेपुरती वाचली असावी.

आणखी एक साधी गोष्ट. बाटलींत भरल्यावर व्हिस्की मुरत नाहीं. बारा वर्षांची व्हिस्की वीस वर्षें कपाटांत ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. वय वाढतें तें मालकाचें.

नोव्हेंबर २०२३ मध्यें लंडनला सदबीच्या लिलावांत मॅकॅलनची एक बाटली एकवीस लाख पौंडांहून अधिक किमतीस गेली. ती व्हिस्की १९२६ सालीं गाळलेली, साठ वर्षें शेरीच्या पिंपांत राहिलेली, १९८६ सालीं अवघ्या चाळीस बाटल्यांत भरलेली. या बाटलीवर इटालियन चित्रकार व्हालेरिओ आदामी याची चिठ्ठी होती. लिलावापूर्वीं भट्टीच्या लोकांनीं तिचें बूच बदललें, चिठ्ठी नव्यानें चिकटविली, आणि खरेंखोटें तपासण्यासाठीं आंतून एक मिलिलिटर व्हिस्की काढली. साठ वर्षांच्या मुरण्याचें सार्थक एवढ्या एका मिलिलिटरनें झालें! विकली गेली ती चिठ्ठी, तो आंकडा आणि ती दुर्मिळता. आंतल्या द्रवाबद्दल लिलावाच्या सभागृहांत कोणास कांहीं कुतूहल असल्याचें दिसत नाहीं.

आणि जेथें चाखण्याचा संबंधच उरला नाहीं, तेथें लबाडी शिरल्यावांचून कशी राहील? स्वित्झर्लंडांतील सेंट मॉरित्झच्या एका हॉटेलांत २०१७ सालीं १८७८ सालच्या म्हणविल्या जाणाऱ्या मॅकॅलनचा एक पेला सुमारें दहा हजार स्विस फ्रँकांना विकला गेला. पुढें तपासणी झाली, तेव्हां ती व्हिस्की १९७० ते १९७२ च्या सुमाराची, आणि तीहि निर्भेळ माल्ट नव्हे, असें ठरलें. हॉटेलनें पैसे परत केले. २०१८ सालीं स्कॉटलंडांतील विद्यापीठांच्या संयुक्त संशोधनकेंद्रानें बाजारांतून मिळालेल्या पंचावन्न दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यांत एकवीस बनावट निघाल्या. या परीक्षेची रीति मनोरंजक आहे. १९५० नंतरच्या अणुस्फोटांनीं हवेंतील किरणोत्सर्गी कार्बनचें प्रमाण बदललें. सातूचें रोप हवेंतूनच कार्बन घेतें, म्हणून पीक कोणत्या काळांतलें आहे याची साक्ष मद्यांत उरते. अणुबाँबनें मनुष्यजातीवर केलेला हा एवढाच उपकार असावा. परंतु संग्राहकाची अडचण पाहा: बाटली खरी आहे कीं खोटी हें ती उघडल्यावांचून कळणें कठीण, आणि उघडली कीं तिची किंमत गेली! म्हणून तो न उघडतांच विश्वास ठेवतो, व तोच विश्वास पुढच्या गिऱ्हाइकास विकतो.

यावर दोन उत्तरें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, लोक पोस्टाचीं तिकिटें जमवितात, चित्रें जमवितात, मग व्हिस्कीनेंच काय केलें? चित्र पाहिल्यानें संपत नाहीं. तें भिंतीवर लावणें हाच त्याचा उपभोग होय. तिकीट पाहण्यापुरतें असतें. व्हिस्की मात्र पाहून कळत नाहीं. तिचा गंध व चव हेंच तिचें सर्वस्व, आणि तीं दोन्हीं बुचाखालीं कोंडलेलीं. न उघडलेल्या बाटल्यांचा संग्रह म्हणजे पानें न फाडलेल्या ग्रंथांचा संग्रह होय. दुसरें उत्तर, पैसा आमचा, तुम्हांला काय त्याचें? हें उत्तर अधिक प्रामाणिक आहे, पण पुरतें खरें नाहीं. मुरलेल्या व्हिस्कीचा सांठा मर्यादित असतो; आज हवी म्हणून अठरा वर्षांपूर्वीची कोणी गाळूं शकत नाहीं. कुलुपांत गेलेली प्रत्येक बाटली उरलेल्यांचा भाव चढविते, आणि ज्याला ती खरोखर चाखावयाची आहे असा एखादा शिक्षक, एखादा कारकून दुकानांतून रिकाम्या हातानें परततो. शिवाय हा पैसाहि आमच्या मित्रांना वाटतो तितका सुरक्षित नाहीं. २०२२ नंतर लिलावांतील भाव खालीं आले आहेत.

मग निवडावें कसें? चार समानशील मित्रांनीं मिळून एक बाटली घ्यावी. साडेसातशें मिलिलिटरच्या बाटलींत तीस मिलिलिटरचे पंचवीस पेग असतात. महिनाभर बेतानें पुरतात, आणि कोणाच्याच संसाराला झळ लागत नाहीं. (महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें पिण्याचाहि परवाना लागतो, हें येथें सांगणें माझें कर्तव्य आहे.) पहिली बाटली दहा-बारा वर्षांची, दुसरी मुद्दाम निराळ्या प्रांतांतली घ्यावी. चिठ्ठीवरील सोनेरी अक्षरांपेक्षां मद्यार्काचें प्रमाण पाहावें. शेंकडा सेहेचाळीस वा अधिक असेल तर बहुधा ती थंड करून गाळलेली नसते, व तिचें अंग शाबूत असतें. पेला तोंडाशीं निमुळता असावा. पाण्याचे चार थेंब घालण्यांत कमीपणा नाहीं: पीटच्या धुराशीं निगडित असा ग्वायाकोल नांवाचा जो गंधद्रव्याचा अंश असतो, तो पाणी घातल्यानें पृष्ठभागाकडे येतो, असें स्वीडनच्या लिनीअस विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१७ सालीं गणितानें दाखविलें आहे. बर्फ मात्र गंधाला गोठवितो. बाटली उभी ठेवावी, आडवी ठेवली तर मद्य बूच खातें. आणि निम्म्यावर आली कीं रेंगाळूं नये, कारण आंतली हवा तिचा गंध हिरावून घेते. एखादी आवडली नाहीं तर तसें मोकळेपणानें म्हणावें, मग ती कितीहि महाग असो. आमच्या संग्राहकांना हें वाक्य उच्चारण्याचा प्रसंगच येत नाहीं.

जुलै २०२५ मध्यें भारत व ब्रिटन यांच्यांत झालेल्या करारांत स्कॉच व्हिस्कीवरील दीडशें टक्के आयातकर प्रथम पंचाहत्तर, व दहाव्या वर्षापर्यंत चाळीस टक्क्यांवर आणण्याचें ठरलें आहे. बाटल्या स्वस्त झाल्या तर कपाटें मोठीं होतील कीं पेले भरतील, हा प्रश्न उरतोच.

संग्राहकाचा शेवटचा बचाव असा कीं, आम्हीं जपल्या म्हणून बंद पडलेल्या भट्ट्यांची व्हिस्की आज जगांत आहे; पोर्ट एलन पाहा, ब्रोरा पाहा! अवश्य पाहूं. या दोन्ही भट्ट्या १९८३ सालीं बंद झाल्या. व्हिस्की वाईट म्हणून नव्हे. गोदामांत पिंपें सांचलीं होतीं, आणि तेवढी व्हिस्की पिणारे नव्हते. त्या विझल्या तेव्हां त्यांच्या बाटल्यांना कोणी कपाटांत मान दिला नाहीं. पुढें दुर्मिळ झाल्यावर मान मिळाला. ब्रोरा २०२१ मध्यें व पोर्ट एलन २०२४ मध्यें पुन्हां पेटली, तीहि त्यांची कीर्ति पसरली म्हणून. आणि ती पसरविली ज्यांनीं त्या बाटल्या फोडल्या, चाखल्या, चार लोकांना सांगितलें, त्यांनीं. २०२५ सालीं मागणी मंदावल्यामुळें स्कॉटलंडांतील कांहीं भट्ट्यांनीं पुन्हां उत्पादन आंवरतें घेतलें आहे. त्या कोणत्या, हें आमचे संग्राहक एव्हांना टिपून ठेवीत असतील.